दुपारीच बंद पडणारी गाडी

सकाळी ९:००
नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं उघडायच्या आधीचा तास मी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला ठेवलेला असतो. आज एक काका त्यांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी घेऊन आलेत. गाडीनं पंचविशी ओलांडली आहे. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी न चुकता पासिंग होतं. तक्रार एकच: चालता चालता बंद पडते, थोडा वेळ थांबलं की आपली आपण चालू होते, आणि हे फक्त दुपारी. कॉइल बदलून झाली, बॅटरीही नवी आली. आता कुणीतरी सगळं वायरिंग बदलायला सांगितलंय.

९:३०
"काका, बंद पडते तेव्हा हॉर्न वाजतो का?"
"वाजतो की. मागच्यांनी वाजवला म्हणून मीही वाजवला."
"आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचे लाल दिवे?"
"ते नाही लागत."
निम्मं काम इथेच झालं. या गाडीत हॉर्न आणि हेडलाइटला बॅटरीतून थेट करंट मिळतो. कॉइल, मीटर, वायपर आणि पंखा मात्र चावीच्या स्विचनंतर येतात. म्हणजे बॅटरी आणि तिची अर्थ ठीक आहे. तापलेली कॉइल दगा देते हे खरं, पण ती एकटी गेली तर लाल दिवे विझत नाहीत.

१०:१५
तरी मोजमाप करतोच. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. चार्जिंग बरोबर. सेल्फ मारताना इंजिनाची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात ०.२ व्होल्टचा फरक, म्हणजे अर्थची पट्टीही शाबूत. पोरगा वायरिंग हलवून बघतो, पेचकसाच्या मुठीनं ठोकून बघतो. गाडी बंद पडायचं नाव घेत नाही.
"दादा, कपलर काढून साफ करू?"
"हात लावू नकोस."
जुना कपलर ओढून परत बसवला की पिना एकमेकींवर घासून तेवढ्यापुरत्या साफ होतात. गाडी काही दिवस बरी चालते, आपण पैसे घेऊन मोकळे होतो आणि गिऱ्हाईक पुन्हा रस्त्यात अडकतं. दोष समोर हजर असताना पकडायचा, मगच काही उघडायचं.

११:३०
सापळा लावला. चावीच्या स्विचला जिथून करंट येतो तिथे एक बल्ब जोडला आणि जिथून पुढे जातो तिथे दुसरा. कपलर न काढता मागून बारीक सुई सरकवली आणि प्रत्येक वायरीत छोटा फ्यूज घातला. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर चिकटवले. गाडी बंद पडताना दुसराच विझला तर दोष स्विचमध्ये. दोन्ही विझले तर स्विचच्या अलीकडे.

दुपारी १:००
डबा खाऊन निघालो. गाडी काकाच चालवणार, त्यांच्या नेहमीच्या सवयीनं. स्वारगेट, सातारा रस्ता, कात्रज. बल्ब लख्ख. घाट सुरू झाला तसा काकांनी घाम पुसून पंखा लावला. थोड्याच वेळात दोन्ही बल्ब पिवळे पडले, इंजिन अडखळलं आणि गाडी कडेला थांबली.
"चावी तशीच राहू द्या." स्विचच्या आतल्या टोकाला मीटर लावला: ३ व्होल्ट. चावी बंद करून पुन्हा बघितलं: १२.४.
फसवतो तो हाच आकडा. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे कुजक्या सांध्यातूनही त्याला भरघोस व्होल्ट दिसतात. भार टाकला की सांधा उघडा पडतो. म्हणून माझा विश्वास मीटरपेक्षा बल्बवर जास्त.
बॉनेट उघडून वायरिंगवरून हात फिरवला. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी एक कपलर चटका बसेल इतका तापला होता. दुपारचं कोडंही सुटलं. सगळ्यांनी उन्हाला दोष दिला होता, पण काका पंखा लावतात तेच मुळी दुपारी. पंख्याचा भार वाढला की हा सांधा तापायचा.

३:३०
हळूहळू गाडी परत आणली, पंखा बंद ठेवून. कपलर आता उघडला: प्लॅस्टिक तपकिरी, मादी पिनेचा ताण गेलेला, तांब्यावर हिरवं चढलेलं. असल्या सांध्याचा रोध ०.२ ओहम जरी झाला तरी १० अँपिअरला तिथे २ व्होल्ट जातात आणि २० वॅट उष्णता होते. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. उष्णतेनं पिनेचा ताण आणखी जातो, रोध वाढतो, उष्णता अजून वाढते.
पोरानं पेठेतून नवा कपलर आणि पितळी पिना आणल्या. कुजलेली वायर चकाकतं तांबं लागेपर्यंत छाटली, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडला, पिना नीट दाबून बसवल्या. बॅटरीवरून बिनफ्यूजची सरळ वायर ओढणं दहा मिनिटांचं काम होतं, पण गाड्या पेटतात त्या अशाच वायरींनी.

५:००
पंखा, वायपर, इंडिकेटर, सगळं एकदम चालू. सांध्यावर ०.०५ व्होल्ट. पुन्हा घाटापर्यंत चक्कर, बल्ब लावलेलेच. या वेळी पंखा जाताना आणि येतानाही चालू ठेवला.

६:१५
बिलात पहिली ओळ 'दोष शोधणे', दुसरी 'कपलर व पिना'. पहिली रक्कम मोठी, दुसरी किरकोळ. काकांनी दोन्ही वाचल्या आणि घासाघीस न करता पैसे दिले. तेवढ्यात फोन आला: एका बाईंच्या गाडीचा हॉर्न वळताना आपोआप वाजतो.
"डावीकडे वळताना की उजवीकडे?"
"तसं बघितलं नाही हो."
"मग उद्या येताना तेवढं बघून या."