बालविभाग आणि अभ्यासिका यांच्या मधोमध

पुण्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची गोष्ट १८४८ पासून सुरू होते. त्या वर्षी इथे 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' उभी राहिली आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख तिच्या स्थापनेत पुढे होते. लक्ष्मी रस्त्यावरचं आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. अक्षरओळख करून देणारी जागा आणि अक्षरओळख झाल्यावर मनाजोगतं वाचायची जागा, या दोन्ही गोष्टी शहराने एकाच वर्षी मिळवल्या. पुढे १९११ मध्ये पुणे मराठी ग्रंथालय निघालं आणि नारायण पेठेत रुजलं. शासकीय विभागीय ग्रंथालय विश्रामबागवाड्यात वर्षानुवर्षं नांदलं. अभ्यासकांसाठी विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, गोखले संस्थेचं आहे, भांडारकर आहे.

एवढ्या ग्रंथश्रीमंत शहरात तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी कुठे बसायचं, हा प्रश्न मात्र अजून मोकळाच आहे. आपल्या बहुतेक वाचनालयांना दोन वयं ठाऊक आहेत: बाल आणि प्रौढ. मधली पाच-सहा वर्षं कुठल्याच पाटीखाली येत नाहीत, आणि वाचक टिकतो किंवा सुटतो तो नेमका याच वर्षांत.

बालविभागाची आपली परंपरा चांगली आहे. मे महिन्यात कुठल्याही पेठेतल्या वाचनालयात जाऊन पाहावं. देवघेवीच्या टेबलापाशी मुलांची रांग असते, सुट्टीपुरती वर्गणी भरून कार्ड काढलेलं असतं, सकाळी नेलेलं पुस्तक संध्याकाळी परत आणणारी मुलं असतात आणि "इतक्यात संपलं सुद्धा?" असं विचारणाऱ्या ग्रंथपाल बाई असतात. गोष्ट सांगणं, चित्रं काढणं, कागदकाम, लेखकाची भेट असं काही ना काही चालू असतं. ही मुलं सातवी-आठवीपर्यंत येतात. मग क्लास सुरू होतो, नववीत दहावीची हवा लागते आणि कार्डाचं नूतनीकरण राहून जातं. दोन-तीन वर्षांनी तोच मुलगा पुन्हा दिसतो तो त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, अभ्यासिकेत. समोर गाइड, कानात इअरफोन. खालच्या मजल्यावरची कपाटं त्याच्या लेखी बंद झालेली असतात.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची एखादी जुनी, बांधणी केलेली ग्रंथालयाची प्रत हातात घ्यावी. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक, काही निळे, काही जांभळे, काही तिरके. एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा या काळात शिक्क्यांची दाटी, दिवाळीच्या सुट्टीत थोडी हालचाल आणि उरलेल्या महिन्यांत मोजकी नोंद. शाळेच्या वर्षाने वाचनाचं वर्ष किती आक्रसून टाकलं आहे, ते ही एवढीशी चिठ्ठी सांगते. फुरसुंगीचा बनेश फेणे स्वतः पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, सायकल दामटत शहरभर फिरणारा. त्याच्या वयाचं पुणं आज त्याच्यापर्यंत वर्षातून दोनदाच पोहोचतं.

'शाळा' कोणत्या कपाटात?

कुमारांसाठी मराठीत पुस्तकंच नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, त्यातली मैत्री, ओढ आणि अपमान हा तिचा विषय. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'पासून पुढच्या पुस्तकांत वाढत जातो. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून किती घरांतल्या किती मुलांनी एका बैठकीत संपवलं असेल! पुण्यातच राहिलेल्या जयंत नारळीकरांनी 'यक्षांची देणगी'पासून मराठी विज्ञानकथेला खगोलशास्त्रज्ञाचा हात दिला. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' आहे, चेतना सरदेशमुख गोसावींनी आणलेलं 'तोत्तोचान' आहे.

पुस्तकं आहेत, ती चुकीच्या जागी आहेत. 'शाळा' कादंबरी म्हणून प्रौढांच्या विभागात, 'कार्व्हर' चरित्रांत, नारळीकर कधी कथासंग्रहांत तर कधी विज्ञानात. बालविभागाचं कार्ड असलेल्या मुलीने टेबलापाशी येऊन "काकू, 'शाळा' आहे का?" असं विचारलं, की उत्तर मिळतं, "ती मोठ्यांच्या विभागात आहे गं, आईचं कार्ड घेऊन ये." काकूंचा यात काही दोष नाही, नियम तसा आहे. पण चौदाव्या वर्षी चौदाव्या वर्षाबद्दलचं पुस्तक आईच्या कार्डावर मागायला कोण परत येईल? बरीच वाचनालयं आजही बंदिस्त पद्धतीने चालतात: नाव सांगायचं, चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येतं. ज्याला नाव ठाऊक आहे त्याचं काम होतं. काय वाचायचं हेच ज्याला शोधायचं आहे, त्याला कपाटापाशी उभं राहून पुस्तकं चाळता आली पाहिजेत. मुक्तद्वार पद्धतीची खरी गरज प्राध्यापकांपेक्षा या वयाला जास्त आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला एक प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो, दुसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. 'शाळा' आणि नववीतली मुलगी एकाच इमारतीत असून भेटत नसतील, तर दोन्ही सिद्धांत एकाच वेळी मोडतात.

टेबल मिळालं, कपाट राहिलं

पुण्याने या वयाला एक गोष्ट मात्र मनापासून दिली: अभ्यासिका. तिचं मोल कमी लेखून चालणार नाही. पर्वती पायथ्याच्या किंवा ताडीवाला रोडच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, टीव्ही चालू असतो, पाणी भरायची वेळ ठरलेली असते. अशा घरातल्या दहावीच्या मुलीला दिवा, पंखा, खुर्ची आणि शांतता मिळते ती महापालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या अभ्यासिकेत. आई-वडील तिला तिथे निर्धास्तपणे पाठवतात. शहरात मुलींना तासन्‌तास बसता येईल अशा फुकट किंवा नाममात्र पैशांतल्या जागा किती आहेत, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

पण अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षांनी व्यापून टाकलं आहे. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता हा सगळा पट्टा राज्यभरातून आलेल्या एमपीएससीच्या उमेदवारांचा आहे. त्यांची गरज खरी आहे, त्यांचे कष्टही खरे आहेत. वाचनालयांनाही त्या शुल्काचा आधार होतो. परिणाम असा की सोळा वर्षांच्या मुलाला ग्रंथालय म्हणजे स्वतःचं पुस्तक घेऊन जाऊन बसायची जागा, एवढंच कळतं. ग्रंथालयाकडे त्याच्यासाठी काही आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही.

इतरांनी काय केलं

हा प्रश्न जगात सगळीकडे आला आणि त्यावर लोकांनी डोकं चालवलं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच शाळांशी दुवा जोडून कुमार वाचकांचं काम सुरू केलं. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयातल्या मार्गारेट एडवर्ड्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडागाडीत पुस्तकं भरून ती गरीब वस्त्यांच्या गल्ल्यांतून फिरवली. त्यांचा आग्रह एकच होता: या मुलांशी बोलणाऱ्या माणसाने ती पुस्तकं स्वतः वाचलेली असली पाहिजेत. शिकागोच्या मुख्य ग्रंथालयात २००९ मध्ये 'यूमीडिया' हा विभाग निघाला. तिथे शाळकरी मुलं पुस्तकांसोबत ध्वनिमुद्रण करतात, चित्रफिती बनवतात, आणि काहीच करायचं नसेल तर नुसती गप्पा मारत बसतात. गप्पा मारायला परवानगी देणं हाही त्या ग्रंथालयाच्या सेवेचाच भाग आहे.

आपल्याकडे त्या इमारती आणि ते पैसे नाहीत. पण एडवर्ड्सबाईंच्या घोडागाडीला फार पैसे लागले नव्हते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी'मध्ये पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचवल्या आणि ठरावीक काळाने त्या आपसांत बदलल्या. अशीच एक पेटी नववीच्या वर्गात किंवा क्लासच्या बाहेरच्या बाकावर का नको?

शहराच्या हाताशी असलेलं

पुण्याची अडचण साधनांची नाहीच. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीतून नोव्हेंबर १९७१ पासून 'किशोर' मासिक निघतं. मराठीतल्या नामवंत लेखकांनी आणि चित्रकारांनी त्यात मुलांसाठी काम केलं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येतात. एखाद्या ग्रंथालयाने एक संगणक आणि एक प्रिंटर 'किशोर'च्या संग्रहाला जोडून दिला, तर कुमार विभागाची पायाभरणी तिथेच झाली. माधुरी पुरंदरे पुण्याच्या. मुलांसाठीच्या लेखनाबद्दल 'बिग लिटल बुक अवॉर्ड' पहिल्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्यांना मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशन, राजहंस, उत्कर्ष ही प्रकाशनं इथलीच. सारसबागेजवळचं गरवारे बालभवन १९८५ पासून खेळातून शिकणं म्हणजे काय ते दाखवत आलं आहे. पालकनीती परिवाराचं कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतलं खेळघर वाचन आणि संवाद हातात हात घालून चालवतं. २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो आणि शाळांच्या शाळा तिथे लोटतात.

सरकारी पातळीवरही दार उघडलेलं आहे. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलं आणि किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. पंचायत आणि प्रभाग पातळीवर या वयासाठी प्रत्यक्ष ग्रंथालयं उभारायला राज्यांना उत्तेजन देऊ, असंही त्यात होतं. 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' त्यातूनच आलं आणि त्याने चौदा ते अठरा हा वयोगट स्वतंत्रपणे मांडला. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत चालतात. अनुदान तुटपुंजं आहे, ते वेळेवर येत नाही, सेवकांचे पगार लाजिरवाणे आहेत. ही तक्रार कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या मांडत आले आहेत आणि ती रास्तच आहे. त्यामुळे कुमार विभागाचा विचार नव्या इमारतीपासून सुरू करून भागणार नाही, आहे त्या इमारतीतल्या एका कपाटापासूनच करावा लागेल.

एक कपाट, एक माणूस, एक तास

पहिलं काम कपाटाचं. प्रौढ विभागातली दोनशे पुस्तकं निवडून एका उघड्या कपाटात आणायची, वर 'कुमार' अशी पाटी लावायची. नवी खरेदी नंतर. निवड एकट्या ग्रंथपालाने करू नये. नववी ते बारावीच्या सात-आठ जणांची समिती करावी आणि तिने सुचवलेली पुस्तकं मागवावीत. चित्रकादंबऱ्या, इंग्रजी रहस्यकथा, क्रिकेटपटूंची चरित्रं, 'हॅरी पॉटर'चा मराठी अनुवाद, जे सुचवतील ते येऊ द्यावं. आपल्याला हलकं वाटणारं पुस्तकच पुष्कळदा वाचकाला जड पुस्तकापर्यंत नेतं.

दुसरं काम कार्डाचं. तेरा वर्षं पूर्ण झाली की स्वतःच्या नावाचं कार्ड, त्यावर दोन्ही विभागांची पुस्तकं आणि अनामत परवडेल इतकी कमी. वाढत्या वयातलं शरीर, मनावरचा ताण, मैत्री आणि प्रेम यांवरची चांगली पुस्तकं याच कपाटात असावीत. ती कुणी नेली, याची चर्चा टेबलापाशी होऊ नये आणि घरीही जाऊ नये. या वयाला विश्वासाची जागा फार थोड्या ठिकाणी मिळते.

तिसरं काम वेळेचं. क्लास सुटतात संध्याकाळी सात-साडेसातला, तेव्हा अनेक वाचनालयांत आवराआवर सुरू झालेली असते. आठवड्यातला एक दिवस तरी तो एक तास या मुलांचा असावा. कधी वाचलेल्या पुस्तकावर वाद घालावा, कधी पुरुषोत्तम करंडकाची तयारी करणाऱ्या ताई-दादांना बोलवावं, कधी भित्तिपत्रक लिहावं, कधी नुसतं बसावं. त्या तासाला शांततेची पाटी उलटी करून ठेवावी. आणि या सगळ्याला एक माणूस नेमून द्यावा, ज्याला मुलांची नावं ठाऊक असतील आणि ज्याने ती पुस्तकं वाचलेली असतील. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी पुण्यात दरवर्षी शिकून बाहेर पडतात. त्यांच्या प्रशिक्षणात हा अनुभव घातला, तर माणूसही मिळेल.

वाचनसंस्कृती लोप पावते आहे, अशी हळहळ दर दिवाळीत परिसंवादांतून ऐकू येते. ती करणाऱ्यांना विनंती एवढीच, की आपण ज्या वाचनालयाचे आजीव सभासद आहोत त्याच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कुमार विभागाचा ठराव मांडावा. घटनेत त्याला अडचण नाही, खर्च दोनशे पुस्तकं हलवण्याचा आहे. बालविभाग संपतो तिथे कुमार विभाग सुरू झाला, तर पुण्याच्या वाचनालयांना दर वर्षी नवे वाचक शोधत बसावं लागणार नाही. सातवी-आठवीपर्यंत धावत येणारी मुलंच वर्षभर येत राहतील आणि त्यांतलेच काही उद्या कार्यकारिणीवर बसून ही वाचनालयं चालवतील.