जेम्स थर्बरचं विक्षिप्त घर

'माझ्या घरच्या गमतीजमती' असा निबंध लिहायला घेतला की आपण काय करतो? 'खूप हसू आलं' असं लिहून मोकळे होतो. वाचणारा मात्र हसत नाही. असं का होतं, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिकन विनोदी लेखक जेम्स थर्बर यांचं 'माय लाइफ अँड हार्ड टाइम्स' (1933) हे छोटंसं पुस्तक बघा. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात गेलेल्या बालपणाच्या आणि तरुणपणाच्या या आठवणी आहेत.

पहिल्याच प्रकरणात रात्री पलंग पडतो. वडील माळ्यावरच्या डुगडुगत्या पलंगावर झोपायला गेलेत आणि तो कोसळून ते मरणार, अशी आईला धास्ती. पाहुणा आलेला मावसभाऊ झोपेत आपला श्वास बंद पडेल या भीतीने उशाशी कापराचा अर्क ठेवून झोपलाय. मध्यरात्री उलटते ती लेखकाची साधी घडीची खाट! पण आवाज झाला मात्र, आईला वाटतं वडील गेले. मावसभाऊ गुदमरतोय असं समजून अर्क स्वतःवरच ओतून घेतो. वडिलांना वाटतं घराला आग लागली.

इथेच खरी मेख आहे. प्रत्येकाची भीती थर्बर आधीच, अगदी शांतपणे सांगून ठेवतात. मग एक आवाज पुरतो. आणि घरातलं कुणीही मुद्दाम विनोद करत नाही, सगळे मनापासून घाबरलेले असतात. आपल्या चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवतोय ना? तोही असाच, स्वतः कधी हसत नाही.

आजीचं तर विचारूच नका. दिवा नसलेल्या होल्डरमधून वीज घरभर गळते, असं तिला वाटायचं!

आता यात खरं किती? थर्बर वाढवून सांगतात, हे उघड आहे. पण न सांगितलेलंही बरंच आहे. 1901 मध्ये, सहा वर्षांचे असताना, भावाबरोबर खेळताना बाण लागून त्यांचा एक डोळा गेला होता. पुस्तकात त्याचं रडगाणं नाही. कॉलेजच्या प्रकरणात वनस्पतिशास्त्राच्या तासाला त्यांना सूक्ष्मदर्शकातून काहीच दिसत नाही. सर चिडतात, भिंग पुन्हा पुन्हा जुळवतात. शेवटी एकदा काहीतरी दिसतं, ते आनंदाने त्याचं चित्र काढतात. सर ते चित्र बघतात. ते असतं थर्बरच्या स्वतःच्याच डोळ्याचं.