बळ खुंटते तेव्हा

घरच्या घरी व्यायाम करणाऱ्याला जोर आणि बैठका यांच्याइतका सोयीचा मार्ग दुसरा नाही. साताऱ्याचा वाडा असो की बंगळूरच्या यशवंतपुरातील दोन खोल्यांचे बिऱ्हाड असो, सतरंजीएवढी जागा आणि स्वतःचे शरीर एवढ्यावर हा व्यायाम होतो. आरंभी प्रगतीही झपाट्याने होते. दहा जोरांचे वीस होतात, विसांचे चाळीस होतात. पुढे मात्र महिनोन् महिने घाम गाळूनही बळ तिळभर वाढत नाही. पुष्कळजण वयाला दोष देऊन येथेच व्यायाम सोडतात. चाळिशीनंतर स्नायूंची झीज हळूहळू सुरू होत असल्यामुळे उतारवयात हे महागात पडते; जमिनीवरून आधाराशिवाय उठणेही जड जाऊ लागते.

बळ का खुंटते? पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद ही बरीचशी मज्जासंस्थेची करामत असते. आहेत तेच स्नायू एकजुटीने कामाला लावण्यास ती शिकते. स्नायू प्रत्यक्ष भरण्याचे काम त्यानंतर, आणि सावकाश, होते. शरीराला जेवढा भार नित्याचा झाला, तेवढ्यापुरतेच ते बळ राखते. अशा वेळी चाळिसाचे साठ जोर केले तर दम वाढतो, बळ फारसे वाढत नाही. वाढवावयाची ती संख्या नव्हे, तर काठिण्य होय.

लोखंडी वजने उचलणारा आणखी एक चकती चढवितो. स्वतःच्या देहाचे वजन कसे वाढवावे? त्याचे उत्तर तरफेच्या तत्त्वात आहे. पालथे पडून, शरीर सरळ ठेवून काढलेल्या साध्या जोरात हातांवर देहाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो. पाय दोन फूट उंच बाकावर ठेवले, की तो तीन-चतुर्थांशाच्या जवळ जातो; उलट हात तितक्याच उंचीवर टेकले, तर दोन-पंचमांशावर उतरतो. बैठक एका पायावर आणता येते. खाली जाताना चार आकडे मोजून थांबले, तरी तोच जोर अवघड होतो.

हे मर्म आपल्या परंपरेला नवे नाही. पहिलवान गळ्यात दगडी कडे घालून बैठका मारीत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबातही पायऱ्या आहेत. पुरलेल्या खांबावर हात बसल्यावर खेळाडू फिरत्या, टांगत्या खांबाकडे वळतो. बंगळूरचे प्रख्यात व्यायामतज्ज्ञ के. व्ही. अय्यर यांनी 1930 च्या दशकात सूर्यनमस्कारांना वजनांच्या व्यायामाची जोड दिली होती.

व्यवहारात नियम सोपा आहे. जेमतेम आठ वेळा साधेल असा प्रकार निवडावा. दम खात त्याचे तीन फेर करावेत. प्रत्येक फेर बारापर्यंत गेला, की पुढच्या कठीण प्रकाराकडे वळावे. नोंद वहीत ठेवावी. त्याच स्नायूंना एक दिवस विसावा द्यावा, कारण स्नायू भरतो तो श्रमात नव्हे, श्रमानंतरच्या विश्रांतीत. डाळ, दूध, शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांना पर्याय नाही. सांधा दुखू लागल्यास पायरी उतरावी. त्यात कमीपणा नाही.

बळ खुंटणे हा व्यायामाचा शेवट नव्हे. पहिला धडा पाठ झाला, आता दुसरा घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ होय.