मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिने उलटले, तरी डोळा पुन्हा पुन्हा लाल होतोय? थेंब घालून वेळ काढू नका

बारामती/इंदापूर : मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, नीट दिसू लागले की घरच्यांना विषय संपला असे वाटते. काही महिन्यांनी डोळा लाल झाला, तर ‘रानात धूळ गेली असेल’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणले जातात. क्वचित प्रसंगी मात्र हा डोळ्याच्या आतला संसर्ग असू शकतो.

संसर्ग इतक्या उशिरा कसा?

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या ट्रॉमा रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लगेच संसर्ग होऊन काहींची दृष्टी गेली होती. त्या प्रकारात काही दिवसांतच डोळा तीव्र दुखतो. दुसरा प्रकार सहा आठवड्यांनंतर, कधी अनेक महिन्यांनी दिसतो. त्यामागे बहुतेकदा ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हा त्वचेवर नेहमीच राहणारा जिवाणू असतो. कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिथे तो दडून सावकाश वाढतो.

लक्षणे कोणती?

- धूसर दिसणे, लाली, उजेड सहन न होणे
- दुखणे कमी किंवा अजिबात नसणे
- तपासणीत भिंगाच्या पिशवीवर पांढरा थर दिसणे

थेंबांनी बरे का वाटते?

स्टिरॉइडच्या थेंबांनी सूज उतरते, पण जिवाणू मरत नाही. थेंब बंद केले की त्रास परततो. हीच धोक्याची खूण.

ही ‘जाळी’ तर नाही?

भिंगामागे जाळी आली तरी धूसर दिसते, पण डोळा लाल होत नाही. जाळी लेसरने काढतात. आत जिवाणू दडलेला असेल, तर त्याच लेसरने तो डोळ्यात पसरू शकतो. म्हणून लाली असल्यास आधी डॉक्टरांना सांगा.

उपचार काय?

डोळ्यातील द्रवाचा नमुना तपासतात. हा जिवाणू हळू वाढत असल्याने कल्चरच्या अहवालाला दोन आठवडेही लागू शकतात. डोळ्यात अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात. गरज पडल्यास ऑपरेशन करून संसर्ग झालेली पिशवी, कधी भिंगही काढावे लागते. वेळेत उपचार झाल्यास अनेकांची दृष्टी वाचते.

कुठे जायचे?

ऑपरेशन जिथे झाले तिथे आधी दाखवा. शिबिरात झाले असेल, तर बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथून गरजेनुसार पुण्याला रेटिनातज्ज्ञांकडे पाठवले जाते. डिस्चार्ज कार्ड, भिंगाचे स्टिकर आणि वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या सोबत न्या. ऑपरेशनची तारीख न विसरता सांगा. निदानाची दिशा त्यावरूनच ठरते.