हद्दीबाहेरची पोलीस गाडी

पनवेलच्या रस्त्यावर एखादी पोलीस गाडी उभी आहे आणि तिच्या अंगावर दुसऱ्याच जिल्ह्याचे नाव लिहिलेले आहे, असे दिसले म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात काय येते? कोणी म्हणतो, "कुठेतरी मोठी धाड पडणार." कोणी म्हणतो, "साहेबांची मंडळी कर्नाळ्याला सहलीला निघाली असेल." भित्रा माणूस रस्ता बदलतो, धीट माणूस थट्टा करतो, आणि दोघेही आपापल्या वाटेने निघून जातात. या गाडीला येथे येण्याचा अधिकार आहे काय, तो कोणी दिला, आणि ती आल्याची नोंद कोठे झाली, हे तीन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज या तीन प्रश्नांचाच विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे. मी वकील नव्हे. युनियनचे काम करताना पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून जेवढा कायदा वाचावा लागला, तेवढेच माझे शिक्षण. पण बाकावर बसणाऱ्याला जे कळावे लागते, तेच आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

प्रथम आपल्या गावाचीच गोष्ट घेऊ. हद्दींच्या बाबतीत पनवेल मोठे गमतीचे आहे. सातबाराचा उतारा आणि जमीनमहसूल पाहिला तर आपण रायगड जिल्ह्याचे. आपले जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. पण चोरी झाली, मारामारी झाली, तर अलिबागच्या पोलीस अधीक्षकांशी आपला संबंध नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आज पनवेल शहर, पनवेल तालुका, खांदेश्वर, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा ही ठाणी आहेत. खालापूर, पेण, कर्जत हे शेजारचे तालुके मात्र रायगड पोलिसांकडे. म्हणजे रायगड जिल्ह्याच्याच पनवेल तालुक्यात 'रायगड पोलीस' असे लिहिलेली गाडी दिसली, तर ती बहुधा आपल्या हद्दीबाहेर आलेली असते! रेल्वे स्थानकात पाऊल टाकावे, तर तेथे लोहमार्ग पोलीस निराळे, आणि केंद्र सरकारचे रेल्वे सुरक्षा दल त्याहून निराळे. पळस्पे फाट्यावर जावे, तर महामार्ग पोलीस. त्यांनी वाहतूक सांभाळावी. अपघाताचा गुन्हा मात्र स्थानिक ठाण्यात नोंदला जावा, अशी ही वाटणी आहे.

गाडीच्या क्रमांकावरूनही फार काही उमगत नाही. एमएच ४६ म्हणजे पनवेल, एमएच ०६ म्हणजे पेण, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, हे आपल्याला पाठ असते. परंतु तो क्रमांक वाहन कोणत्या परिवहन कार्यालयात नोंदले एवढेच सांगतो. आतल्या अधिकाऱ्याची हद्द कोठवर, हे तो सांगत नाही.

आता बाहेरच्या गाड्या येथे येतात तरी कशासाठी? पहिले कारण आपल्या तालुक्यातच आहे, ते म्हणजे तळोजा मध्यवर्ती कारागृह. तेथील कच्च्या कैद्याचा खटला ज्या गावी चालू असेल, तेथील न्यायालयात त्याला नेऊन परत आणावे लागते. त्या गाड्या रोज या रस्त्यावरून जातात. दुसरे कारण बंदोबस्ताचे. १९४८ साली उभारलेल्या राज्य राखीव पोलीस दलाचे गट पुणे, दौंड, गोरेगाव अशा ठिकाणी असतात आणि जेथे गरज पडेल तेथे त्यांना धाडले जाते. गणपतीत गोव्याचा रस्ता गजबजतो, तेव्हा असा जादा बंदोबस्त आपल्याला हवासाच वाटतो. पण त्याच ताफ्याची दुसरी आठवणही या भागाला आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. म्हणून आजही गावाच्या वेशीवर अनोळखी पोलीस गाड्यांची रांग लागली की जुनी माणसे ओटा सोडून उठतात. तिसरे कारण तपासाचे: आरोपीचा माग, झडती, अटक. आणि चौथे अगदी साधे कारण असे की, मुंबईहून पुण्याला किंवा कोकणात जाणाऱ्या पोलिसालाही चहा पनवेललाच घ्यावासा वाटतो.

यांतील कोणत्याही कारणासाठी हद्द ओलांडणे हे मुळात बेकायदा नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम २८ प्रमाणे रजेवर वा निलंबित नसलेला पोलीस अधिकारी सदैव कामावर आहे असे मानले जाते, आणि शासन किंवा पोलीस महासंचालक त्याला राज्याच्या कोणत्याही भागात कामाला लावू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ नुसार, ज्याला वॉरंटाशिवाय अटक करता येते अशा माणसाचा पाठलाग पोलीस अधिकारी भारतात कोठेही करू शकतो. जुन्या संहितेतही हेच होते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर चोराने कळंबोलीत दरोडा घालावा, खालापूरची शीव ओलांडावी आणि पलीकडून पोलिसांना रामराम करावा!

पण येथेच खरा मुद्दा सुरू होतो. कायद्याने हद्दीची भिंत बांधलेली नाही. त्याने हद्दीवर वही ठेवली आहे. ओलांडा, पण नोंद करून ओलांडा, असे त्याचे म्हणणे. ठाण्यातून निघताना स्टेशन डायरीत नोंद. गाडी कोठून कोठे गेली याची लॉगबुकात नोंद. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत स्वतः झडती घेतली, तर संहितेच्या कलम १८६ प्रमाणे तेथील ठाणे प्रमुखाला ताबडतोब सूचना आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत. अटक करताना कलम ३६ प्रमाणे अधिकाऱ्याच्या नावाची ठळक ओळख, साक्षीदाराच्या सहीचे अटकेचे टिपण. कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला किंवा मित्राला खबर. दुसऱ्या राज्यात अटकेला जाणाऱ्या पोलिसांनी निघण्यापूर्वी दैनंदिनीत लिहावे आणि स्थानिक ठाण्याशी संपर्क साधावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली घालून दिली आहेत. या सर्वांच्या वर आपल्या संविधानाचा अनुच्छेद २२ आहे: प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे माणूस उभा केलाच पाहिजे. त्या दंडाधिकाऱ्याला तो खटला चालविण्याचा अधिकार असो वा नसो.

हे नियम कागदावरचे नव्हेत, हे पटावे म्हणून तीन प्रसंग सांगतो. त्यांतील माणसांच्या मतांशी मला येथे कर्तव्य नाही. तिघांची मते तीन दिशांची आहेत, म्हणूनच ती निवडली. १४ मे २०२२ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी ताब्यात घेतले, ते आपल्या कळंबोलीतून. गुन्हा कळव्याला, अटक पनवेल तालुक्यात. दुसरा प्रसंग २४ ऑगस्ट २०२१ चा. तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्यावर महाड, नाशिक, पुणे अशा ठिकाणी गुन्हे नोंदले गेले. नाशिकचे पथक निघाले; संगमेश्वरजवळ रत्नागिरी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले; मग रायगड पोलिसांनी त्यांना महाडला नेले, आणि त्याच रात्री तेथील न्यायालयाने जामीन दिला. एका दिवसात एका माणसाभोवती तीन पोलीस दले हलली. पण कोण कोठे आहे हे साऱ्या महाराष्ट्राला घटकेघटकेला कळत होते.

तिसरा प्रसंग सर्वांत बोधप्रद आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीत गौतम नवलखा यांना अटक केली आणि पुण्याला नेण्यासाठी तेथील दंडाधिकाऱ्याची परवानगी मिळविली. पोलिसांचे कागद होते मराठीत, आणि दंडाधिकाऱ्याला मराठी येत नव्हते! १ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. त्या निकालाने खटला संपला नाही. पुढे नवलखा आपल्याच तळोजा कारागृहात होते. पण एक तत्त्व पक्के झाले: दुसऱ्या हद्दीतील दंडाधिकारी हा नुसता शिक्का मारणारा कारकून नव्हे. माणूस गाडीत घालण्यापूर्वी त्याने कागद समजून घेतले पाहिजेत.

युरोपातील देशांनाही हा प्रश्न पडला. १९९० च्या शेंगेन करारनाम्याने एका देशाच्या पोलिसाला आरोपीच्या मागोमाग दुसऱ्या देशात शिरण्याची मुभा दिली. पण तीबरोबर अटी घातल्या. सीमा ओलांडताना, उशिरात उशिरा त्या क्षणी, तेथील अधिकाऱ्यांना कळवावे. आणि गणवेशावरून, दंडावरच्या पट्टीवरून किंवा गाडीवरच्या खुणेवरून पोलीस ओळखू आला पाहिजे. साधे कपडे आणि बिनखुणेची गाडी, ही जोडी त्यांनी साफ निषिद्ध ठरविली. म्हणजे गाडीवर परक्या हद्दीचे नाव दिसणे ही भिण्याची गोष्ट नव्हे. भिण्यासारखी गाडी ती, जिच्यावर काहीच लिहिलेले नसते.

हे मी पुस्तकातूनच सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात संप चालू असताना रात्रपाळी सुटल्यावर फाटकावरून तीन कामगारांना एका गाडीत बसवून नेले. गाडी कोणत्या ठाण्याची, हे कोणी पाहिले नाही. त्यांच्या घरच्या बायका मुलांना कडेवर घेऊन पहाटेपर्यंत तीन ठाणी हिंडल्या. प्रत्येक ठाण्यात उत्तर एकच: "आमच्याकडे नोंद नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी ते शेजारच्या हद्दीतील एका चौकीत सापडले. पुढे जामीन झाला, कामही परत मिळाले. पण त्या एका रात्रीत त्या घरांनी जे सोसले, त्याची भरपाई कोणत्याही न्यायालयात होत नाही. तिघांना नेले यापेक्षा कोठे नेले हे कळू नये, ही त्यातली खरी शिक्षा होती.

तेव्हापासून आम्ही फाटकावरच्या प्रत्येक माणसाला काही गोष्टी शिकवितो, आणि त्या आपणही शिकाव्यात. गाडीवरचे नाव वाचा, क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. अधिकाऱ्याच्या छातीवरचे नाव वाचा. नसेल तर नम्रपणे ओळखपत्र मागा. कोणत्या ठाण्याचा, कोणत्या क्रमांकाचा गुन्हा आहे आणि माणसाला कोठे नेत आहात, एवढे विचारा. मग आपल्या हद्दीतील ठाण्यात जाऊन, या पथकाची आपल्याकडे नोंद आहे काय, असे ठाणे अंमलदाराला विचारा. शंका आली तर ११२ वर फोन करा. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. मात्र हुज्जत घालू नका, गाडीपुढे आडवे होऊ नका. विचारणे हा आपला हक्क आहे. अडविणे हा गुन्हा ठरतो.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. अटक करताना जी हद्द पोलिसाला सहज ओलांडता येते, तीच हद्द गरिबाची तक्रार आली की एकाएकी चिनी भिंत होते. महामार्गावर रात्री ट्रकने सायकलवाल्या कामगाराला उडविले. एक ठाणे म्हणते, जागा पलीकडच्यांची. पलीकडचे म्हणतात, खांबाच्या अलीकडची. प्रेत मात्र मधल्यामध्ये. यावर आता स्पष्ट कायदा आहे. संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने लिहून घेतली पाहिजे. यालाच झीरो एफ.आय.आर. म्हणतात, खबर शून्य क्रमांकाने नोंदून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवावयाची. आरोपीच्या मागे भारतभर धावता येते, तर फिर्यादीचे दोन शब्द लिहून घ्यायला हद्द आड येऊ नये, हा त्यातला साधा न्याय.

पोलीस हाही पगारावर राबणारा माणूस आहे. रात्रभर गाडीत बसून परक्या गावी बंदोबस्त करणाऱ्या शिपायाचे हाल मी पाहिले आहेत, आणि त्याला युनियनही नाही. त्याच्याशी आपले वैर नाही. आपला आग्रह त्या वहीपुरता आहे. ती भरली गेली तर त्याचेही रक्षण होते आणि आपलेही.

शेवटी एकच विनंती. या सभागृहातील किती जणांना आपले घर नेमके कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, हे ठाऊक आहे? घरी गेल्यावर चौकशी करा, आणि ते नाव व दूरध्वनी क्रमांक दिनदर्शिकेच्या बाजूला, मुलांनाही वाचता येईल अशा अक्षरांत, लिहून ठेवा.