गोठ्यातली पद्मिनी

आजीचं पितळी पातेलं, आईचं शिलाई मशीन, लग्नातला शालू. बायका जुन्या वस्तू वर्षानुवर्षं सांभाळतात, याचं कुणालाच नवल वाटत नाही. पातेल्याला कल्हई करून घेतो, मशीनला तेल घालतो, शालूची घडी मोडून पुन्हा घालतो. पण सोनाळ्यासारख्या गावात एखादी सून सासऱ्यांची चाळीस वर्षांची फियाट स्वतः सांभाळते म्हटलं, की लोक थांबून बघतात. ‘काऊन वं, हे काय बायकाचं काम हाय?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तर द्यायच्या आधी बॉनेटच उघडून दाखवते.

आमची गाडी म्हणजे १९८३ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात. मामाजी २०१२ साली गेले आणि गाडी गोठ्यात गेली. नऊ वर्षं ती तिथेच होती. वर कडब्याच्या पेंढ्या, खाली उंदरांची बिळं. एक दिवस भंगारवाला दारात आला आणि त्याने गाडीचा भाव किलोवर सांगितला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “या गाडीत बसून किती जणी खामगावले बायंतपनाले गेल्या, तुले मालूम हाय का?” मला माहीत नव्हतं. गावात दुसरं वाहन नसायचं तेव्हा रात्री-बेरात्री आमच्याच दारावर थाप पडायची. त्या बोटांवर मोजत गेल्या आणि बोटं पुरली नाहीत. भंगारवाल्याला मी नाही सांगितलं ते त्यामुळे.

मुंबईची लेक

ही गाडी मूळची इटलीची. फियाट कंपनीचं ‘अकराशे’ नावाचं मॉडेल आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवत असे. ही कंपनी १९४४ साली काढली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. पुढे सत्तरच्या दशकात गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं आणि २०००च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ही गाडी घरी दुरुस्त करता येते. तिच्यात कॉम्प्युटर नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, पेट्रोल आणि हवा एकत्र करणारा कार्बोरेटर, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर (मिस्त्री त्याला ‘डेल्को’ म्हणतात). बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. शिलाई मशीन उघडून साफ करणाऱ्या बाईला यात न समजण्यासारखं फार थोडं आहे.

आधी कान, मग पाना

मला शिकवलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका मिस्त्रीकाकांनी. मामाजींच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “सूनबाई, सेल्फ मारू नको.” वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारला, तर आत जाम झालेल्या पिस्टनवर ओरखडे येतात. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि दोन रात्री तसंच ठेवलं. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. ते फिरलं तेव्हा काकांनी नुसती मान हलवली.

पुढचं काम सावकाशीचं. टाकीतलं जुनं, आंबलेलं पेट्रोल काढून टाकी धुतली. इंजिन ऑइल बदललं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतले भाग गंजतात, म्हणून त्यांची रबरं नवी घातली. टायर वरून धडधाकट दिसत होते, पण रबर कडक होऊन भेगाळलं होतं, तेही बदलले. काही सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भाच्याने पाठवले. गाडी जिथे जन्मली तिथूनच!

सगळ्यांत मोठा शत्रू गंज. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच राहतं आणि पत्रा खालून कुजतो. आता दर पावसाळ्याआधी खराट्याची काडी घालून मी ती मोकळी करते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणं हे वेल्डिंगवाल्याचं काम, ते त्यालाच दिलं. सीटांची कव्हरं मात्र मी घरी शिवली. जुनी कव्हरं उसवून त्यांचाच नमुना कागदावर उतरवला आणि ब्लाउज बेततो तसं बेतलं.

आपलं पाणी, आपलं ऊन

पुस्तकात न मिळणाऱ्या गोष्टी इथल्या मातीने शिकवल्या. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा आपला भाग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या खाऱ्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो आणि मग इंजिन तापतं. म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच नाही. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५च्या घरात जातो. अशा वेळी पेट्रोल पंपातच तापतं, त्याची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसते. लोकांना वाटतं मोठा बिघाड झाला. सावलीत उभी करायची, इंजिनजवळच्या त्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि थोडा दम धरायचा. गाडी पुन्हा सुरू होते. माझ्या डिकीत पाण्याची बाटली आणि सुती फडकं कायम असतं.

नवीन काळजी इथेनॉलची. २०२५पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. जुन्या गाड्यांची रबरं त्याने फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतं, म्हणजे टाकीला गंज. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉल चालेल अशीच घेतली आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवत नाही.

दर रविवारी वीस मिनिटं गाडी रस्त्यावर काढते. जागेवर नुसती चालू ठेवून भागत नाही. चाकं फिरली पाहिजेत, ब्रेक लागले पाहिजेत. निघण्याआधी ऑइलची पट्टी बघायची, पाणी बघायचं, टायरची हवा बघायची. दोन गोष्टी मात्र काटेकोर: तापलेल्या इंजिनचं रेडिएटर झाकण उघडायचं नाही आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. घाई कितीही असो.

कागदांचीही निगा

गाडी सुरू झाली म्हणजे रस्त्यावर आली असं नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. एप्रिल २०२२पासून मोटारीची ही फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १० हजार. सोनाळ्याहून बुलढाण्याचं आरटीओ शंभरावर किलोमीटर. नवऱ्याने हिशेब मांडला आणि विचारलं, “एवढ्यात काय काय आलं असतं?” मी म्हटलं, “बरंच आलं असतं. पण ही परत आली नसती.” त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बुलढाण्याला आला.

लोक तिला सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतात. कायद्याने मात्र त्यासाठी पन्नास वर्षं आणि मूळ रूप लागतं. जुलै २०२१च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीची फी २० हजार आणि मुदत दहा वर्षं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. आमची गाडी पन्नाशीला पोचेल २०३३ साली.

वहीतली विद्या

खरी धास्ती वेगळीच आहे. मिस्त्रीकाकांच्या दोन्ही मुलांनी वेगळा धंदा धरला. हाताखाली पोरगा नाही. नव्या गाड्यांना मशीन लावून बिघाड शोधतात, तिथे डेल्कोचा पॉइंट घासायला कोण शिकणार? “गाडी एकदम बंद नाई पडत, सूनबाई. पयले सांगते. आयकनारा पायजे,” असं ते म्हणतात. म्हणून मी दोनशे पानी वही घातली आहे. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. पॉइंटमधली फट फीलर गेजने कशी मोजायची. कोणत्या आवाजाला कोणता नट. माझी दहावीतली लेक चित्रं काढते, मी लिहिते. काकांना आता नीट दिसत नाही. लेक पाना धरते, ते आवाज ऐकून ‘अजून पाव आटा’ असं सांगतात.

मैत्रिणींनो, तुमच्याही गोठ्यात, अंगणात एखादी जुनी जीप, राजदूत किंवा स्कूटर धूळ खात असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गावातल्या सगळ्यांत जुन्या मिस्त्रीला बोलवा. येताना त्यांना पाने आणायला सांगा आणि तुम्ही वही घेऊन बसा. गाडीला चार वर्षं थांबवता येईल, मिस्त्रीला नाही.