जुन्या घरांतील ऊन पाणी

पनवेलीसारख्या गांवीं थंडी ती कितीशी! मार्गशीर्ष-पौषांतल्या पहाटे अंगावर एक जाडसर पांघरूण ओढलें कीं भागतें. घर ऊबदार ठेवण्यासाठीं विलायतेंत किंवा हिमालयाच्या कुशींत जी यातायात करावी लागते तिची आम्हां कोंकणांतल्या लोकांस वार्ताहि नाहीं. परंतु स्नानाचें ऊन पाणी हा मात्र घरोघरचा प्रश्न आहे, आणि ज्यांचा निवास अद्यापि वडिलोपार्जित कौलारू घरांत आहे त्यांस तो विशेष जाचतो. आमच्या घरीं तो कसा सुटला हें सांगितल्यास कोणा समदुःखी वाचकास उपयोग होईल, असें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

आमचें घर आजोबांनीं बांधलेलें. ओटी, माजघर, आणि मागील दारीं न्हाणीघर. त्यांत तांब्याचा बंब. त्यांत ढलप्या घालण्याचें काम बालपणीं आम्हां भावंडांकडे असे. पुढें वखारींतलीं लाकडें महागलीं, धुरानें सौभाग्यवतीचे डोळे चुरचुरूं लागले, आणि चिरंजिवांनीं बाजारांतून विजेचा दांडा आणला, ज्यास सर्वत्र हीटर किंवा रॉड म्हणतात. बादलींत सोडावा, बटण दाबावें, पंचवीस मिनिटांत पाणी तयार. स्वस्त व सुटसुटीत म्हणून आम्ही सारेच खूष होतों.

एके पहाटे बटण बंद न करतांच सौभाग्यवतीनें पाणी कितपत तापलें हें पाहण्यास बोट बुडविलें, आणि ती किंचाळून मागें पडली. पायांत रबरी चपला होत्या म्हणूनच, असें मी समजतों, त्या दिवशीं आमच्या घरावरचा प्रसंग टळला. दांड्याचें आवरण चिरलें होतें हें खरें; पण मुख्य दोष निराळाच निघाला. तारतंत्र्यानें भिंतीवरील प्लग उघडला, तों त्याच्या तिसऱ्या, मोठ्या भोंकास तारच जोडलेली नव्हती! ज्या कोणीं तें काम पूर्वीं केलें त्यानें भोंकें तीन दिसलीं म्हणजे झालें, असें मानिलें असावें. तीस वर्षें आम्ही त्या रिकाम्या भोंकावर विसंबून होतों.

ती तिसरी तार म्हणजे अर्थिंगची. उपकरणाच्या धातूच्या अंगांत वीज उतरली तर ती मनुष्याच्या देहावाटे न जातां या तारेवाटे जमिनींत जावी, हा तिचा हेतु. तिच्या जोडीस मेनस्विचपाशीं गळती ओळखणारा एक स्विच बसवितात. ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शेंकडा तीन भागाएवढी वीज वाट चुकली, कीं तो निमिषार्धांत प्रवाह तोडतो. आम्हीं प्रथम खर्च केला तो या दोन गोष्टींवर. पाणी तापविण्याचें साधन कोणतें घ्यावें हा विचार त्यानंतरचा.

त्या विचारांत घरांत चार मतें झालीं. थोरले चिरंजीव पंचवीस लिटरचा गीझर म्हणत, धाकटे पाणी वाहतां वाहतांच तापविणारा छोटा गीझर म्हणत, जांवईबापूंनीं सूर्यबंब सुचविला. मी शाळामास्तर, पाटी घेऊन हिशेबास बसलों. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, व विजेच्या एका युनिटांत अशा ८६० असतात. आमच्या टांकींतलें पाणी हिवाळ्यांतहि २४ अंशांच्या आसपास असतें; अंगास सोसेल असें ऊन म्हणजे ४२. तेव्हां वीस लिटरच्या बादलीस ३६० किलोकॅलरी, अर्थात् पाऊण तर सोडाच, अर्ध्याहूनहि कमी युनिट. दांडा असो, छोटा गीझर असो वा मोठा, या गणितांत फरक पडत नाहीं. वीज उष्णता देते ती सगळीकडे सारखीच! फरक पडतो तो पाणी किती तापवितां, किती वेळ सांठवून ठेवितां, यानें. रात्रंदिवस चालूं ठेवलेला मोठा गीझर न वापरलेल्या पाण्याचीहि ऊब राखीत बसतो. गीझरवरील तारकांचें चिन्ह मुख्यतः ही सांठवणींतली गळतीच मोजतें.

आम्ही माणसें सहा. म्हणजे दिवसास अडीच युनिटें, महिन्यास पाऊणशें. बिलांत शंभर युनिटांपुढें दर एकदम चढतो, हें लक्षांत घेतां ही रकम उपेक्षणीय नव्हे.

येथें थोडें विषयांतर. १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें, आणि लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटाखालीं सोडून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस जाऊं लागली. पांचशें मीटर उंचीवरून पाणी पडतें असें धरून मीं हिशेब केला. माझ्या एका बादलीच्या उष्णतेसाठीं तीनशें लिटर पाणी घाट उतरलें पाहिजे! तेव्हांपासून दुसऱ्या बादलीस हात लावतांना मी थबकतों.

असो. सूर्यबंब मनास पटला, पण शंभर लिटर पाणी, टांकी व सांगाडा हें ओझें आमच्या जुन्या वाशांवर ठेवण्यास सुतार धजेना. शिवाय ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत आमच्याकडे सूर्यदर्शनच दुर्मिळ. हवेंतली उष्णता ओढून पाण्यास देणारा नवा पंप तिसऱ्या हिश्शाइतक्याच विजेंत काम करतो, व आमची दमट उष्ण हवा त्यास मानवतेहि. परंतु त्याची किंमत वसतिगृहास परवडावी, गृहस्थास नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा गीझर कोंदट न्हाणीघरांत मीं स्पष्ट नाकारला. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस ना रंग, ना वास.

उरले दोन. वाहतें पाणी तापविणारा छोटा गीझर तीन किलोवॉटचा, तेरा अँपिअर ओढणारा. आमच्या जोडणीस तें जड. म्हणून पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा घेतला. ५५ अंशांवर तापलेल्या त्यांतल्या पाण्यांत गार मिसळून सव्वीस लिटर स्नानाचें पाणी होतें, व पुढच्या माणसासाठीं पुन्हां तापण्यास पावघटका नव्हे, पण पाऊण घटका पुरते. त्यास मेनस्विचपासून स्वतंत्र जाड तार ओढली, सोळा अँपिअरचा प्लग दिला. भिंत मातींत रचलेल्या विटांची; तिच्यांत खिळाहि धरत नाहीं. तेव्हां न्हाणीघराच्या सागवानी खांबांस आडवी फळी ठोकून गीझर तिजवर टांगला. गीझरच्या निम्म्याहून अधिक पैसे तारेंत, फळींत व अर्थिंगच्या खड्ड्यांत गेले. चिरंजीव कुरकुरले, सौभाग्यवती कुरकुरली नाहीं.

बंब मात्र मीं मोडींत दिला नाहीं. नरकचतुर्दशीस पुण्याहून व ठाण्याहून मुलें-नातवंडें येतात, चौदा माणसांचें अभ्यंग सूर्योदयापूर्वीं व्हावयाचें असतें, आणि पंधरा लिटरचा गीझर तिसऱ्या माणसापासूनच मागें पडूं लागतो. त्या पहाटे नातवंडें ढलप्या घालण्यासाठीं भांडतात, आणि धुरानें डोळे चोळीत सौभाग्यवतीच त्यांचा क्रम लावून देते.